खुरासानी ओव्याचे दोन थेंब

अमीर इनालचे दोन शिपाई दुकानात शिरले, तेव्हा सबरीशू एका मासळीवालीच्या पापण्या उलटून खुपऱ्या खरवडत होता.

"हकीम कोण?" त्यातल्या दाढीवाल्यानं विचारलं.

"मी मासे विकते," मासळीवाली डोळा न मिटता म्हणाली. "राहिला कोण, ते तूच बघ."

शिपायाला ते आवडलं नाही, पण हकिमाच्या हातातली बारीक सळई बघून तो दोन पावलं मागेच थांबला. बगदादमध्ये परवापासून सळई हा शब्दही कुणी मोठ्यानं उच्चारत नव्हतं. परवा सकाळी खलिफा अल-मुस्तहदीला गादीवरून ओढून खाली उतरवलं, दुपारी त्याच्या डोळ्यांतून तापलेली सळई फिरवली आणि तिसऱ्या प्रहरी अस्राच्या नमाजाआधी त्याच्या चुलतभावाला गादीवर बसवलं. एका दिवसात एवढी कामं उरकणारा माणूस म्हणजे तुर्क अमीर इनाल. फौज त्याची, खजिन्याची किल्ली त्याची, खलिफाही आता त्याचाच.

"पेटी घे आणि चल," शिपाई म्हणाला. "महालात."

सबरीशूनं मासळीवालीचा दुसरा डोळाही पुरा केला. घाई त्यानं आयुष्यात कधी केली नव्हती आणि तीस वर्षांचा हात आज एका शिपायासाठी बिघडवायची त्याची इच्छा नव्हती. मग तो हात धुऊन आतल्या खोलीत गेला.

आत त्याचा मुलगा गोर्गीस खलबत्ता घेऊन बसला होता. सत्तावीस वर्षांचा, खांद्यानं रुंद. दीड वर्षापूर्वीपर्यंत तो राजदरबाराच्या पत्रखात्यात कारकून होता आणि त्याच्या अक्षराचं कौतुक वजिराच्या तोंडून व्हायचं. एक पत्र गहाळ झालं. चार कारकुनांवर संशय आला. चौघांच्याही डोळ्यांत सळई फिरली. सबरीशू तीन दिवस महालाच्या दाराशी उभा होता. चौथ्या दिवशी आत घेतलं, तेव्हा पडद्यामागून खलिफाचा आवाज आला, "न्याय झाला आहे," आणि पडदा हललासुद्धा नाही. मुलगा हाती आला तेव्हा बगदादचा सगळ्यात मोठा डोळ्यांचा हकीम त्याच्यासाठी जखम धुण्यापलीकडे काही करू शकला नाही. गोर्गीसची आई त्याच हिवाळ्यात गेली. आता गोर्गीस बोटांनी आणि नाकानं औषधं ओळखायचा, खलायचा, गाळायचा. त्यात तो बापापेक्षाही चोख होता.

"बाबा, त्यालाच बघायला नेतायत ना?"

"हो."

ही रीत होती. आंधळा माणूस खलिफा होऊ शकत नाही, म्हणून गादीवरून उतरवलेल्याचे डोळे काढायचे. आणि ते खरोखर गेले आहेत, असं हकिमानं काझी आणि दोन साक्षीदारांसमोर सांगायचं, मग काझी कागदावर सही करणार. एका डोळ्यानं जरी दिसत असलं तरी कुणीतरी त्या माणसाला मोसुलला पळवून नेणार, तिथल्या फौजेपुढे उभा करणार आणि म्हणणार, हा घ्या तुमचा खरा खलिफा. त्यामुळे कागद झाल्याशिवाय अमीर इनालला झोप लागणार नव्हती.

गोर्गीसनं हात पुढे करून बापाची पेटी चाचपली आणि आत एक निळी कुपी ठेवली. "खुरासानी ओव्याचा अर्क. सकाळी तुम्ही गाळलेला. मासळीवालीच्या आईचा मोतीबिंदू बघणार होतात ना तुम्ही आज, तिच्यासाठी." मग थोडं थांबून म्हणाला, "नीट बघा, बाबा."

नीट बघा. होडीतून तिग्रिस नदी ओलांडताना सबरीशू त्या दोन शब्दांवर अडून बसला होता. नीट बघा म्हणजे काय? हकीम म्हणून नीट बघा, की गोर्गीसचा बाप म्हणून?

---

कोठडी नव्हती ती. बागेकडची एक लहान खोली होती आणि सबरीशूनं ती लगेच ओळखली. पंचवीस वर्षांपूर्वी याच खोलीला काळे पडदे लावून त्यानं नऊ वर्षांच्या शहजाद्याला चाळीस दिवस अंधारात ठेवलं होतं. डोळे आले होते पोराचे, असे की सकाळी पापण्या कोमट पाण्यानं सोडवाव्या लागायच्या. पोर हट्टी, पण गोड. सबरीशूला 'सबरीकाका' म्हणायचं. एकदा त्याचे वडील, तेव्हाचे खलिफा, ईदच्या दिवशी पैगंबरांची चादर खांद्यावर घेऊन त्याला बघायला आले, तर अंगात ताप असताना हे पोर पलंगावरून उतरून चादरीपुढे ताठ उभं राहिलं होतं. चादर आली की बसलेला माणूस उठतो. खलिफासुद्धा गादी सोडून उठतो. हे त्या घरातलं मूल चालायच्या आधी शिकतं.

आणि डोळे बरे झाल्यावर परीक्षा म्हणून सबरीशू त्याला खिडकीशी नेऊन समोरच्या छपरावरची कबुतरं मोजायला लावायचा. पोर नेहमी एक जास्तच सांगायचं. लवकर सुटका व्हावी म्हणून!

तेच पोर आता भिंतीशी चटईवर बसलं होतं. चौतीस वर्षांचं, अंगावर मळका कुडता, डोळ्यांवर रक्तानं कडक झालेलं फडकं. तीन वर्षं चार महिने त्यानं राज्य केलं होतं. पहिल्या दिवशी कैद्यांची यादी फाडली होती आणि बायकांनी छतांवरून खजूर उधळले होते. दुष्काळात त्यानं महालाची कोठारं उघडली, तेही खरं. दुसऱ्या वर्षी फौजेचा पगार थकला आणि तो भ्यायला लागला. तिसऱ्या वर्षी त्याला प्रत्येक उशीखाली चिठ्ठी आणि प्रत्येक पेल्यात विष दिसायला लागलं. भ्यालेल्या माणसाच्या हातात राज्य आलं की काय होतं, हे बगदादनं बघितलं. सबरीशूनं तर आपल्याच घरात बघितलं.

काझी अबू सहल कोपऱ्यात बसले होते. म्हातारे, दमेकरी, मनानं बरे. त्यांच्या बाजूला दोन साक्षीदार. आणि खिडकीत एक पाय वर घेऊन अमीर इनाल डाळिंब सोलत होता.

"ये हकीम. ऐकलंय, बगदादमध्ये तुझ्यासारखा डोळा बघणारा दुसरा नाही."

"लोक बोलतात."

"मग तूही बोल. सरळ बोलायचं." इनालनं दाणे तोंडात टाकले. "दिसतं म्हणालास, तर आपण सळई पुन्हा तापवू. बाहेर शेगडी पेटलेलीच आहे. दिसत नाही म्हणालास आणि मागाहून दिसलं, तर सळई तुला. घरात आधीच एक आंधळा आहे म्हणे तुझ्या. दोघांचं जमेल. हात धरून भिंतीभिंतीनं फिराल."

साक्षीदारांपैकी एक हसला, मग काझींकडे बघून गप्प झाला.

सबरीशू खाली बसला आणि फडकं भिजवून सोडायला लागला. उजवा डोळा संपला होता. त्यात बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. डाव्याची पापणी भाजून टरारून सुजली होती, पण सळई फिरवणाऱ्याचा हात इथं बहुधा कापला असावा किंवा ऐनवेळी डोळ्यातून पाण्याचा लोंढा आला असावा. असं होतं कधीकधी. सबरीशूनं बोटानं पापणी जवभर वर उचलली आणि दुसऱ्या हातानं दिवा जवळ आणला.

बाहुली आकसली.

त्यानं दिवा मागे घेतला. बाहुली मोठी झाली. पुन्हा जवळ आणला, पुन्हा आकसली. पापणीखालचं बुबुळ स्वच्छ होतं. खोलीत एवढी माणसं होती आणि हे बघितलं फक्त त्यानं. कारण बाहुली कशी वाचायची हेच बाकी कुणाला ठाऊक नव्हतं. बाकीचे सगळे माणूस दचकतो का ते बघत होते आणि तो दचकला नव्हता.

"बोल," इनाल म्हणाला.

फक्त एक शब्द. दिसतं. एवढं म्हटलं की झालं. तो शब्द खरा होता, तो म्हटल्यानं कुणी त्याला खोटं पाडणार नव्हतं आणि गोर्गीसच्या डोळ्यांचा हिशोब इथं या चटईवर पुरा होणार होता. सबरीशूला तो शब्द म्हणावासा वाटला. अगदी मनापासून वाटला. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

"आत रक्त साकळलंय," तो म्हणाला. "पापणी नीट उघडत नाही. धुतो, औषध घालतो, सूज उतरू दे. दुपारी जुहरच्या नमाजानंतर सांगतो."

इनालनं डाळिंबाचं साल बागेत भिरकावलं. "बरंय. तोवर माझा हकीम मर्जुबानही पोचेल. इराणातल्या रय्यहून आलाय माझ्याबरोबर. तो म्हणतो, मरायच्या आधी माणूस खोटं बोलेल, पण डोळ्याची बाहुली खोटं बोलत नाही. उजेड दाखवला की कळतं म्हणे. तुला माहीत आहे का हे?"

"ऐकलंय," सबरीशू म्हणाला.

---

इनाल गेला. काझी आणि साक्षीदार नमाजाआधी हातपाय धुवायला, वजू करायला बाहेर पडले. दाराशी एक शिपाई उरला, ज्याला अरबी फक्त शिव्यांपुरती येत होती.

सबरीशू कोमट पाण्यानं पापणी धुवायला लागला.

"सबरीकाका," समोरचा माणूस ओठ न हलवता म्हणाला. "दिसतंय मला."

"गप्प बसा."

"तुमची दाढी पांढरी झालीय."

"गप्प बसा म्हटलं ना!"

मग तो म्हणाला, "तुमचा मुलगा त्या चौघांत होता. हे मला मागाहून कळलं."

"नाव काय त्याचं?"

तो बोलला नाही.

"नाव विचारतोय मी. माझ्या मुलाचं नाव सांगा."

"माहीत नाही, काका. कागदावर चार नावं होती. मी वाचली नाहीत. वाचली असती तर हात उठला नसता, म्हणून वाचली नाहीत."

सबरीशूचा हात थांबला. त्या क्षणी त्याला या माणसाचा इतका संताप आला की बोट जरा जोरात दाबलं असतं तरी काम झालं असतं. सळई लागली नसती की शेगडी. "गोर्गीस," तो म्हणाला. "त्याचं नाव गोर्गीस. म्हणून बघा."

"गोर्गीस."

"पुन्हा."

"गोर्गीस," तो म्हणाला आणि त्याचा आवाज फाटला. "मला माफ करा असं मी म्हणत नाही. तोंड नाही मला. अमीराला खरं सांगून टाका. तुमचं पोर घरी एकटं आहे. माझ्यापायी तुमच्यावर नको."

हे त्यानं म्हणायला नको होतं. पाया पडला असता, सोनं देतो, वजीर करतो म्हणाला असता, तर सबरीशूला सोपं गेलं असतं. त्यानं पेटी उघडली. आत दोन कुप्या होत्या, एक पांढरी, एक निळी. पांढरीत गुलाबपाणी. ते घातलं असतं तर जुहरनंतर मर्जुबान दिवा आणणार, बाहुली आकसणार, आणि सबरीशूनं खोटं बोलायचं ठरवलं असतं तरी ते टिकणार नव्हतं. निळीत खुरासानी ओव्याचा अर्क. दोन थेंब घातले की बाहुली ताणून मोठी होते आणि दुसऱ्या दिवसापर्यंत उजेडाला दाद देत नाही. जवळचं सगळं धुरकट दिसतं, लांबचं तेवढं दिसतं. चढायला मात्र तासभर लागतो.

तो दोन्ही कुप्यांकडे बघत बसला. दाराशी शिपायानं जांभई दिली.

गोर्गीसला त्याच्या दारात आणून टाकलं होतं, तेव्हा उशीर झाला होता. एक घटका आधी आणलं असतं, तरी तो काहीतरी करू शकला असता असं त्याला दीड वर्षं रोज वाटत होतं. आज एक बघता डोळा त्याच्या हातात वेळेत आला होता. नेमका हा! देवाच्या मनात काय असतं कळत नाही, पण थट्टा करायची त्याला हौस आहे एवढं खरं. तीस वर्षांत सबरीशूच्या हातानं एकही जिवंत डोळा बंद झाला नव्हता. या एका माणसासाठी तो हात बाटवावा का, हाच काय तो प्रश्न होता. आणि उत्तर सापडायच्या आतच त्यानं निळ्या कुपीचं बूच काढलं होतं.

"हे तुझ्यासाठी नाही," तो म्हणाला. पंचवीस वर्षांत तो या माणसाला पहिल्यांदाच तू म्हणाला. "डोळा चांगला आहे म्हणून. कळलं?"

"कळलं."

"आजपासून तू आंधळा. मरेपर्यंत. दिव्याला दचकायचं नाही, पायरी चुकवायची नाही, कुणाचा चेहरा ओळखायचा नाही. खिडकीबाहेर कबुतरं असतील, ती मोजायची नाहीत. एकदा चुकलास तर तुझाही डोळा जाईल आणि माझे दोन्ही. मग गोर्गीसचा हात धरणारं कुणी उरणार नाही."

दोन थेंब पडले. अर्काचा तो जड, उंदराच्या बिळासारखा वास खोलीत पसरला. सबरीशूनं घाईघाईनं वर गुलाबपाणी शिंपडलं.

---

मर्जुबान जुहरच्या अजानेआधीच आला. तासही पुरा झाला नव्हता.

तरुण होता, नीटस, बोटांत तीन अंगठ्या. सबरीशूला त्यानं लवून सलाम केला, पण नजर खोलीभर फिरत होती. इनाल मागोमाग आत आला. काझींनी नमाजानंतर बसू असं सुचवून पाहिलं.

"नमाजाला वेळ आहे, काझीसाहेब," इनाल म्हणाला. "हे दोन श्वासांचं काम."

मर्जुबान चटईपाशी वाकला आणि थबकला. "वास कसला येतोय?"

"जखम दोन दिवसांची आहे," सबरीशू म्हणाला. "पू धरलाय. अत्तराचा वास यायला हवा होता का?"

"नाही, त्यात आणखी काहीतरी..."

"गुलाबपाणी. रय्यमध्ये काय वापरतात? डाळिंबाचा रस?"

इनाल खो-खो हसला. मर्जुबानचे कान लाल झाले. त्यानं दिवा मागवला. सबरीशूनं पापणी उचलून धरली, कारण ती उचलून धरायला दुसऱ्या कुणाला द्यायची नव्हती. दिवा जवळ आला. बाहुली मोठी होती, पण पुरती ताणलेली नव्हती. कडेला एक बारीक हालचाल झाली का? सबरीशूला वाटलं झाली. मर्जुबाननं दिवा मागे नेला, पुन्हा जवळ आणला, आणखी जवळ, इतका की भाजलेली पापणी तापली. चटईवरचा माणूस जागचा हलला नाही. मर्जुबान कितीतरी वेळ बघत राहिला.

"मेलाय," अखेर तो म्हणाला. "बाहुली हलत नाही."

"उजवाही गेलेला आहे," सबरीशू म्हणाला. स्वतःचा आवाज त्याला लांबून आल्यासारखा वाटला.

काझींनी लेखणी शाईत बुडवली. तेवढ्यात इनाल म्हणाला, "थांबा. डोळ्याचं तुम्ही सांगितलंत. आता माणसाचं मी बघतो. सगळे उभे राहा. जोडे बाहेर. आणि कुणी आवाज करायचा नाही."

सगळे उभे राहिले. चटईवरचा एकटाच बसून होता. दार उघडलं आणि सुंबुल आत आला. महालातला सगळ्यात म्हातारा खोजा, चाळीस वर्षं चादरीची राखण करणारा. अनवाणी आला आणि त्याच्या पसरलेल्या दोन्ही हातांवर पैगंबरांची चादर होती.

काझींच्या तोंडून हुंदका निघता निघता राहिला. त्यांनी मान खाली घातली. साक्षीदारांनी घातली. दाराशी उभ्या शिपायानंही घातली. कुणालाच समोर बघायचं धाडस नव्हतं. एकट्या इनालची मान ताठ होती आणि तो चटईवरच्या माणसाच्या गुडघ्यांकडे बघत होता.

सबरीशूला आता कळलं. दिव्यापुढे न दचकणं सोपं होतं. ज्यानं तापातही पलंग सोडला, ज्यानं तीन वर्षं हीच चादर दर ईदला डोळ्यांना लावली, धुतलेल्या पापणीच्या फटीतून त्याला ती समोर येताना दिसत होती, कारण लांबचं त्याला दिसतच होतं. आणि त्यानं बसून राहायचं होतं. या घराण्यातला माणूस तिच्यापुढे नुसता बसत नाही. त्याचं शरीरच उठतं, मनाला विचारत नाही.

सुंबुल एक एक पाऊल पुढे आला. चटईवरच्या माणसाच्या पायाची बोटं आत दुमडली. सबरीशूला ती दिसली आणि इनाललाही दिसतील अशी भीती वाटली. गुडघा हलला. हलला नक्की. पण त्यानं तो उगाच खाजवला, भिंतीकडे तोंड फिरवलं आणि साध्या, थकल्या आवाजात विचारलं, "कुणी आलंय का? सगळे असे गप्प का?"

काझी अबू सहल ढसाढसा रडायला लागले. "अमीर, बस करा! खुदाचं भय बाळगा! त्याला दिसत नाही हो, दिसत असतं तर असा बसला असता का तो?"

"नसता बसला," इनाल म्हणाला. तो जरा ओशाळला होता, पण जराच. "लिहा. आणि हकीम, पुढचे तीन शुक्रवार तू आणि मर्जुबान पुन्हा येऊन बघायचं. माझ्या मनाची खात्री आपली हळूहळू होते."

काझींनी सही केली. साक्षीदारांनी केली. नमाजाची अजान झाली आणि खोली रिकामी झाली. सबरीशू नवं फडकं घेऊन बसला. त्यानं डोळ्यावर कापूस ठेवला तो लगेच ओला झाला.

"डाव्या खांद्यापाशी शिवण उसवलीय चादरीची," फडक्याखालचा माणूस हळूच म्हणाला. "सुंबुलला सांगा, काका." मग म्हणाला, "मी बसून राहिलो. ती आली आणि मी बसून राहिलो."

सबरीशूनं ओला कापूस काढून दुसरा ठेवला आणि फडकं घट्ट बांधलं. माफी अजूनही त्याच्या मनात नव्हती. पण या माणसानं आज काय दिलं, ते त्यानं डोळ्यांनी बघितलं होतं.

---

परतताना होडीत त्यानं नदीच्या पाण्यात हात कोपरापर्यंत धुतले. तीनदा धुतले. मनाशी वाक्यही जुळवून ठेवलं. दोन्ही डोळे गेलेत, काझीची सही झाली, संपलं. घरच्या माणसाशी खोटं बोलणं त्याला जमत नव्हतं, पण हे ऐकून गोर्गीसला आज एक दिवस तरी शांत झोप लागली असती.

दुकानात गोर्गीस त्याच जागी होता. बाप आल्याचं पावलांवरून ओळखून त्यानं पाण्याचा पेला पुढे केला. सबरीशूनं तो घेतला. गोर्गीसनं पेला सोडला नाही. बापाचं मनगट धरलं, हात नाकाशी नेला आणि तसाच बसून राहिला.

"खुरासानी ओवा," तो म्हणाला.

सबरीशूनं हात ओढून घ्यायला पाहिलं, पण गोर्गीसनं मनगट सोडलं नाही.

"मेलेल्या डोळ्यात कुणी ओव्याचा अर्क घालत नाही, बाबा. कुपी किती रिकामी झाली, तेही मी आता हातात घेऊन सांगू शकतो."

"गोर्गीस..."

"कोणता?"

"डावा."

"किती दिसतं?"

सबरीशू खाली बसला. त्याला खोटं बोलता आलं नाही. "सगळं. माझी दाढी पांढरी झालीय म्हणाला."

गोर्गीसनं मनगट सोडलं. बाहेर रस्त्यावर कुणीतरी नव्या खलिफाच्या नावानं दुआ मागत चाललं होतं. तो आवाज वळणाआड गेला. गोर्गीसचा जबडा हलत होता. सबरीशूला वाटलं, आता तो खलबत्ता भिंतीवर फेकणार. फेकावा, असंही वाटलं.

"झाली का तुमची दाढी पांढरी?" गोर्गीसनं विचारलं. "मला कुणी सांगितलंच नाही."

सबरीशूनं तोंड फिरवलं. ज्याच्यापासून रडणं लपवायची गरज नव्हती, त्याच्यापासून ते लपवायला गेला.

"पुन्हा तपासणार असतील," थोड्या वेळानं गोर्गीस म्हणाला. "तो तुर्क एवढ्यावर सोडणार नाही."

"तीन शुक्रवार."

"तुमच्या हातचा अर्क कच्चा राहतो. तुम्ही बिया पुरत्या खलत नाही. आजही तासाभरात पुरता चढला नसेल."

"नव्हता चढला."

गोर्गीस उठला. हातानं फळी चाचपत तिसऱ्या बरणीपर्यंत गेला, झाकण काढून वास घेतला आणि मूठभर बिया खलबत्त्यात टाकल्या. पहिला घाव इतका जोरात घातला की बिया जमिनीवर उडाल्या. दुसरा जरा हळू. मग त्याचा हात नेहमीच्या लयीत चालायला लागला.

"शुक्रवारी थेंब घालाल ना," तो म्हणाला, "तेव्हा त्याला सांगा, हे कुणी खललंय ते."

सबरीशू खाली वाकला आणि जमिनीवर सांडलेल्या बिया एक एक करून वेचायला लागला.